स्विंग काळातले बँडलीडर : एकच धून, दोन बँड (प्रकल्प नोंदी)

९ जानेवारी

स्विंग म्हणजे १९३०-४०च्या दशकांतला अमेरिकेतला नाचाचा जॅझ. त्याच्या बँडलीडरांच्या तुलनेची कसोटी ठरली. ‘बेसी मोठा की गुडमन’ हा वाद असाच सोडून दिला तर प्रत्येक जण आपल्या आवडीच्या दोन तबकड्या पुढे करतो आणि बैठक तिथेच संपते. म्हणून नियम असा की जमेल तिथे धून एकच, बँड दोन. त्यातही अरेंजर (धून बँडसाठी बांधून लिहिणारा) एकच सापडला तर सोन्याहून पिवळे. कागदावरचे सूर सारखेच असले की उरलेला फरक बँडलीडरचा असतो : लय कुठे धरली, सोलो कुणाला दिला, ड्रमरला किती मोकळे सोडले, मुळात नोकरीवर कुणाला ठेवले.

जोड्या :
– ‘डोन्ट बी दॅट वे’ : चिक वेब (१९ नोव्हेंबर १९३४) / बेनी गुडमन (१६ फेब्रुवारी १९३८)
– ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ : फ्लेचर हेंडरसन (१९३२ आणि १९३३) / गुडमन (१ जुलै १९३५)
– ‘वन ओ’क्लॉक जंप’ : काउंट बेसी (७ जुलै १९३७) / गुडमन (१६ फेब्रुवारी १९३८)
– ‘टक्सिडो जंक्शन’ : अर्स्किन हॉकिन्स (१८ जुलै १९३९) / ग्लेन मिलर (५ फेब्रुवारी १९४०)

साय ऑलिव्हर आणि जेरी ग्रे या दोन अरेंजरांनी बँड बदलले, त्यांच्यासाठी धून वेगळी चालेल, हात एकच हवा. ड्यूक एलिंग्टनला जोडी नाही. का नाही, ते त्याच्या नोंदीत.

१४ जानेवारी

आधी गती. तबकडीवर ७८ (मिनिटाला फेऱ्या) छापलेले असले तरी ती नेमकी ७८ वर कापली, म्हणजे मुद्रित केली, गेली होती असे नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झच्या विजेवर ९२ पट्ट्यांची स्ट्रोब तबकडी (गती तपासायची पट्ट्यांची चकती) स्थिर दिसते ती ७८.२६ फेऱ्यांवर. ५० हर्ट्झवर ७७ पट्ट्यांची स्थिर दिसते ती ७७.९२ वर. आपल्याकडे दिव्याखाली अमेरिकन स्ट्रोब ठेवून गती लावली तर आकडा चुकणारच. स्ट्रोब ५० हर्ट्झची वापरायची, आणि दिवा निऑनचा किंवा जुना पिवळा बल्ब. चांगल्या एलईडीचा प्रकाश लुकलुकत नाही, त्यामुळे पट्ट्या दिसतच नाहीत.

तबकडी ७६ वर कापलेली असेल आणि आपण ७८.२६ वर वाजवली तर सगळे सुमारे ३ टक्क्यांनी वर सरकते, म्हणजे जवळपास अर्ध्या अर्धस्वराने. मिनिटाला १७५ मात्रांची लय १८० होते. एवढ्या फरकावर ‘हा बँड जास्त जोमदार’ असे मत सहज बनते.

खरी गती पियानोवरून काढायची. पियानो दर रात्री कुणी लावत नाही. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट गरम झाले की चढतात, त्यांचा भरवसा नाही. बेसीच्या ‘वन ओ’क्लॉक जंप’मध्ये सुरुवातीचा पियानो पांढरी चारमध्ये आहे (एफ, मधल्या सप्तकात ३४९.२ हर्ट्झ), नंतर बँड काळी एकमध्ये (डी फ्लॅट) शिरतो. दोन्ही पट्ट्या ट्यूनरवर जुळल्या की गती बरोबर. ‘टेक द ए ट्रेन’ पांढरी एकमधून काळी दोनमध्ये जाते, मिलरचे ‘इन द मूड’ काळी चारमध्ये आहे. पट्टी आधी माहीत असणे हा यातला निम्मा उपाय.

२१ जानेवारी

सुई आणि धुणे. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी घासते, खरखर वाढते आणि आवाज पातळ होतो. ७८ साठी साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई. खूप वाजलेल्या तबकडीवर २.५ किंवा २.८ मिल लावून पाहायची, कारण जुन्या जाड सुईने खाचेच्या भिंतीचा एक पट्टा खाल्लेला असतो आणि बारीक सुई त्याच्या खाली, न झिजलेल्या भागात बसते. दाब ३ ते ५ ग्रॅम. स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करायचे. ७८ चे ध्वनिलेखन आडवे असते, वर-खाली हलण्यातून फक्त गोंगाट येतो आणि बेरजेत तो कटतो.

धुताना अल्कोहोल अजिबात नको. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य डिटर्जंटचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडे. कडेला तडा असेल तर पाणी आत शिरून आतला थर फुगतो, अशा तबकड्या कोरड्याच पुसाव्यात.

आता कर्व्ह. कर्व्ह म्हणजे वाजवताना उंच आणि खालचे स्वर किती कमी-जास्त करायचे त्याचे प्रमाण. आजच्या फोनो प्रीअॅम्पमध्ये आरआयएए कर्व्ह असतो. तो १९५०च्या दशकातला, स्विंगच्या तबकड्यांना तो लागू नाही. त्यात ५ किलोहर्ट्झला सुमारे ८ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल उंच स्वर कापले जातात. १९३७ च्या तबकडीवर हा कर्व्ह लावला की पहिला बळी जो जोन्सच्या हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा), आणि मग कुणीतरी म्हणते की बेसीचा ड्रमर ऐकूच येत नाही. खालच्या टोकाला उलटे होते. तबकडी ३०० हर्ट्झच्या टर्नओव्हरवर (ज्याच्या खाली बास कमी करून कापतात ती सीमा) कापलेली असून ५०० वर वाजवली तर बास सुमारे ४.४ डेसिबलने फुगतो. दोन कंपन्यांच्या तबकड्यांतून ‘कुणाचा बास भारी’ हे ठरवण्याआधी कर्व्ह पाहिलाच पाहिजे.

प्रीअॅम्प सपाट ठेवून मुद्रण केले, कर्व्ह नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तबकडीला वेगळा लावला. क्लिक काढणारे स्वयंचलित फिल्टर पूर्ण बंद : त्यांना ट्रम्पेटचा कडक आघात आणि स्नेअरचा रिमशॉट क्लिकच वाटतो. क्लिक हाताने, एकेक. कंटाळवाणे आहे, पण गुडमनचा ड्रमर जीन क्रूपा याचे ड्रम कापून गुडमनची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

२४ जानेवारी

आवाजाची पातळी पीकवर (सर्वांत उंच क्षणावर) जुळवली की फसगत होते, कारण एका मोठ्या क्लिकने पीक वर जाते आणि संगीत मागे पडते. लाउडनेसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजावर) जुळवायचे, सगळ्यांना −२३ एलयूएफएस (लाउडनेसचे एकक), मोनो. मोठ्याने वाजणारा बँड नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

२८ जानेवारी

स्ट्रीमिंगवरून घेतलेल्या प्रती तपासल्या. ठरावीक सापळे :

मूळ १९३०च्या दशकातले म्हणून दिलेले, पण डावीकडून उजवीकडे वाद्ये पसरलेली. तेव्हाचे बाजारातले मुद्रण मोनो होते. अशी फाईल म्हणजे पुनर्मुद्रण, किंवा मिलरच्या बाबतीत त्याच्या नावाने पुढे चाललेल्या बँडचे काम. मिलर १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लिश खाडीवर विमानासह बेपत्ता झाला.

कृत्रिम घुमारा घातलेल्या प्रती. त्यात बेसीचा र्‍हिदम सेक्शन (पियानो, गिटार, बास, ड्रम) चिखलात रुतल्यासारखा वाटतो.

एअरचेक (रेडिओ प्रक्षेपणाचे मुद्रण) आणि स्टुडिओ यांची सरमिसळ. बॉलरूमवरून थेट प्रक्षेपित झालेले वादन वेगवान आणि लांब असते, स्टुडिओत दहा इंची तबकडीची तीन मिनिटांची भिंत असते. दोघांची जोडी लावायची नाही. गुडमनचे ‘सिंग, सिंग, सिंग’ (६ जुलै १९३७) बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरले, हा अपवाद.

हेंडरसनच्या ‘किंग पोर्टर’ची मुद्रणे १९२८, १९३२ आणि १९३३ ची. १९३२ चे ‘न्यू किंग पोर्टर स्टॉम्प’ या नावाने निघाले. यादीत तिन्ही एकाच नावाखाली टाकलेली सर्रास सापडतात, तेव्हा तारीख आणि सोलोवादक पाहूनच घ्यायचे.

४ फेब्रुवारी

लय मोजायची रीत. पायाने ठेका धरून मोजू नये, पाय सोलोबरोबर पळतो. बार म्हणजे चार मात्रांचा गट, तेव्हा बारा बारचे एक आवर्तन म्हणजे ४८ मात्रा : एका आवर्तनाला लागलेले सेकंद घेऊन २८८० ला भागायचे. बत्तीस बारच्या धुनेला १२८ मात्रा, म्हणून ७६८० ला भागायचे. आवर्तन १६.५ सेकंदांचे असेल तर लय १७४.५, आणि १६ सेकंदांचे असेल तर थेट १८०. अर्ध्या सेकंदाची चूक एवढी महाग पडते, म्हणून सलग चार आवर्तने मोजून चाराने भागायचे. पहिले आणि शेवटचे आवर्तन वेगळे लिहून ठेवायचे. लय कुठे चढली हे लीडरबद्दल बरेच सांगते.

११ फेब्रुवारी

वेब / गुडमन, ‘डोन्ट बी दॅट वे’. धून एडगर सॅम्पसनची. वेबच्या बँडमध्ये तो स्वतः आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, पुढे गुडमनसाठीही त्यानेच लिहिले. फरक लयीपासूनच सुरू होतो : वेबची तबकडी बरीच जलद, गुडमनची सैल आणि आरामशीर. वेबची लय ही न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधल्या नर्तकांसाठी रोज वाजवणाऱ्या बँडची लय आहे. गुडमनने तीच धून मध्यम लयीत आणली, सॅक्सोफोनच्या ओळीला श्वास दिला आणि शेवटी आवाज हळूहळू खाली नेत क्रूपाच्या ड्रमचा स्फोट ठेवला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या गुडमनच्या कार्यक्रमाची (१६ जानेवारी १९३८) सुरुवातही याच धुनेने झाली.

आमचे मत : धून गुडमनकडे जास्त खुलते, बँड वेबचा जास्त जिवंत आहे. ११ मे १९३७ ला सॅव्हॉयमध्ये दोन्ही बँड समोरासमोर आले तेव्हा बाजी वेबने मारली, आणि ते क्रूपानेही मान्य केले होते. वेब गुडमनइतका प्रसिद्ध नसण्याचे एक साधे कारण म्हणजे तो १६ जून १९३९ ला गेला. दुसरे कारण त्या काळच्या अमेरिकेतला वर्णभेद : चांगली हॉटेले आणि प्रायोजित रेडिओ कार्यक्रम गोऱ्या बँडना मिळत.

१५ फेब्रुवारी

हेंडरसन / गुडमन. जेली रोल मॉर्टनची धून. हेंडरसनच्या बँडमध्ये हिची बांधणी वाजवता वाजवता झाली, वादकांच्या डोक्यात होती, आणि १९३२ च्या मुद्रणात प्रत्येक सोलोवादक दार ढकलून आत यावा तसा येतो. कोलमन हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोन ऐकावा. मग हेंडरसनने गुडमनसाठी तीच बांधणी कागदावर उतरवली. गुडमनने ती घासूनपुसून वाजवून घेतली : ब्रासचा (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) सवाल आणि रीडचा (सॅक्सोफोन, क्लॅरिनेट) जवाब कुठेही मागेपुढे नाही. बनी बेरिगनचा ट्रम्पेट सोलो हा या तबकडीचा प्राण. हेंडरसनकडे प्रतिभा होती, शिस्त नव्हती. वादक उशिरा यायचे आणि तो काही बोलत नसे. लीडर म्हणून गुडमन वरचढ, पण त्याच्या बँडचा आवाज हेंडरसनच्या टाकातून उतरला आहे हे विसरून ‘स्विंगचा राजा’ ही पदवी वाटू नये.

२२ फेब्रुवारी

बेसी. इथे जास्त वेळ द्यायचा असे ठरलेच होते.

‘वन ओ’क्लॉक जंप’ म्हणजे बारा बारचे ब्लूज, एकामागून एक आवर्तन. लिहिलेले जवळपास काही नाही, रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह) वादकांनी मिळून रचलेले. क्रम : बेसीचा पियानो, हर्शेल इव्हान्सचा टेनर, जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन, लेस्टर यंगचा टेनर, बक क्लेटनचा ट्रम्पेट, मग र्‍हिदम सेक्शन एकटा, आणि शेवटी रीड, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन तिघांचे वेगवेगळे रिफ एकमेकांवर. दोन टेनर सलग ऐका : मधला ट्रॉम्बोन वगळून फक्त ते दोन तुकडे जोडून ऐका. इव्हान्सचा आवाज जाड, कंप मोठा. यंगचा हलका, जवळजवळ कंपाशिवाय, आणि तो समेवर यायची घाई करत नाही. एकाच वाद्याचे दोन परस्परविरोधी वादक ठेवून बेसी दोघांनाही तीच बारा बार देतो. नेतृत्व म्हणतात ते इथे दिसते.

र्‍हिदम सेक्शन वेगळा काढून ऐकण्यासाठी : ६० ते २०० हर्ट्झ ठेवला की वॉल्टर पेजचा बास, चारही मात्रांना सारखे वजन. ५ किलोहर्ट्झच्या वर जो जोन्सचा हाय-हॅट. त्याने लय बास ड्रमवरून हाय-हॅटवर नेली, म्हणून खालचा भाग पेजला मोकळा मिळतो. फ्रेडी ग्रीनची गिटार अॅम्प्लिफायरविना, प्रत्येक मात्रेला एक झटका. ती स्वतंत्र ऐकू येत नाही, बंद झाली तर मात्र लगेच जाणवेल. बेसी पियानोवर डाव्या हाताने लय भरायचे सोडून देतो, कारण ते काम करायला तिघे आहेत.

गुडमनच्या आवृत्तीत रिफ तेच, पण क्रूपा बास ड्रमवर चारही मात्रा ठोकतो आणि सगळे जमिनीला चिकटते. हा फरक वादकाचा की बँडचा हे तपासायला कार्नेगी हॉलच्या त्या जानेवारीतल्या रात्रीचे ‘हनीसकल रोज’ उपयोगी : तिथे बेसी, ग्रीन आणि पेज आहेत, ड्रमवर मात्र क्रूपा. तीन चतुर्थांश बेसी सेक्शन असूनही ती तरंगणारी चाल येत नाही. तेव्हा जो जोन्सला नोकरीवर ठेवणे हाच बेसीचा मोठा निर्णय मानावा, असे आमचे म्हणणे.

ही तबकडी ज्या डेक्का कंपनीच्या करारात निघाली, त्यात बेसीला २४ बाजूंचे एकूण ७५० डॉलर मिळाले, रॉयल्टी शून्य. ती किती खपली हे पाहिले की आकडा बोचतो.

१ मार्च

अर्स्किन हॉकिन्स / मिलर. सोयीची जोडी : दोन्ही तबकड्या ब्लूबर्ड या लेबलच्या, मध्ये जेमतेम सात महिने, त्यामुळे कर्व्हचा घोळ कमी. मिलरने लय उतरवली, आवाजाचे चढउतार मोजून लावले आणि ब्रासवर म्यूटची (वाद्याचे तोंड झाकून आवाज दाबणाऱ्या झाकणाची) उघडझाप अशी काटेकोर केली की चार ट्रम्पेट एकच वाद्य वाटतात. हॉकिन्सचा बँड त्यापुढे विस्कळीत वाटेल, पण सोलो त्याच्याकडे खरे सोलो आहेत. मिलरकडे ते दोन सजावटींमधली जागा भरतात.

मिलरच्या प्रसिद्ध रीड आवाजाची कृती : वर क्लॅरिनेट, तोच सूर एक सप्तक खाली टेनरवर, मधल्या जागेत उरलेले तीन सॅक्सोफोन जवळजवळ बसवलेले. बँडमध्ये करून पाहायचे असेल तर क्लॅरिनेटवाला विल्बर श्वार्ट्झसारखा रुंद, स्थिर आवाजाचा हवा. टोकदार आवाज घेतला तर खालचा टेनर वेगळा पडतो आणि मिश्रण फाटते. सगळ्यांचा कंप एकाच वेगाचा हवा, सेकंदाला पाच-सहा. ऐकताना सेकंदाला १.३ चा हेलकावा जाणवला तर तो वादकांचा नाही, तबकडीचे भोक मध्यावर नाही.

जेरी ग्रे : क्लॅरिनेटवादक बँडलीडर आर्टी शॉसाठी ‘बिगिन द बिगीन’ (२४ जुलै १९३८), मिलरसाठी ‘अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ (१९४१). शॉ नोव्हेंबर १९३९ मध्ये बँड सोडून निघून गेला, ग्रे मिलरकडे आला. शॉकडे त्याची रचना क्लॅरिनेटसाठी रस्ता मोकळा करते, मिलरकडे रचनाच मुख्य. शॉ चांगला वादक, बेभरवशाचा मालक.

६ मार्च

१ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादक संघटनेने मुद्रणबंदी केली. डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने नोव्हेंबर १९४४ मध्ये. या काळातल्या जोड्या लावायच्या नाहीत, प्रक्षेपणे आणि सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्कच उरतात. त्यातच लाखेची टंचाई : लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जायची, युद्धात जहाजे अडली. १९४२ च्या वसंतात अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीची लाख मोठ्या प्रमाणात कापली. जुन्या तबकड्या दळून नव्यात मिसळल्या गेल्या, म्हणून १९४३ च्या दाबणीची खरखर धुऊन जात नाही.

८ मार्च

मुंबईची जोडनोंद, थोडक्यात. १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, मग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड. त्यांच्या मागोमाग मिकी कोरिया, चिक चॉकलेट असे मूळ गोव्याचे वादक पुढे आले. पाद्रींच्या शाळेत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेले, त्यामुळे अमेरिकेतून आलेली छापील अरेंजमेंट ते समोर ठेवून वाजवू शकत. चिक चॉकलेटने पुढे सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले, ‘अलबेला’ (१९५१) ऐकताना ब्रासची ओळ कुठून आली ते कळते. पण या बँडची त्या काळातली मुद्रणे थोडी, तुलनेच्या तक्त्यात बसवण्याइतकी नाहीत. तक्त्याबाहेर ठेवले.

१४ मार्च

साय ऑलिव्हर. जिमी लन्सफर्डचे ‘फॉर डान्सर्स ओन्ली’ (१९३७) आणि टॉमी डॉर्सीचे ‘वेल, गिट इट!’ (१९४२). लन्सफर्डकडे ऑलिव्हर दोन मात्रांची चाल वापरतो : बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मधे मोकळी जागा, आणि जिमी क्रॉफर्ड ती जागा भरायचा मोह टाळतो. डॉर्सीकडे बडी रिच. रिकामी जागा दिसली की रिच तिथे असणारच. ऑलिव्हरने ते ओळखून लिहिणेच बदलले, ट्रम्पेट वर चढवले आणि लय चार मात्रांवर आणली. एकाच माणसाचे हस्ताक्षर दोन लीडरांकडे इतके बदललेले दुसरे उदाहरण सापडले नाही. लन्सफर्डला लोक विसरतात. रंगमंचावर त्याचा बँड सगळ्यांत देखणा, तबकडीवर त्याची निम्मी गंमत हरवते. मतदान घेतले तर तो खाली जाईल, आमच्या यादीत बेसीनंतर लगेच.

२० मार्च

एलिंग्टन. इतरांच्या पार्टवर (वादकासमोरच्या स्वरलिपीच्या कागदावर) ‘दुसरा ट्रम्पेट’ लिहिलेले असते, एलिंग्टनच्या पार्टवर वादकाचे नाव. म्हणून त्याची रचना दुसऱ्या बँडने वाजवली की जोडी खोटी ठरते. ‘को-को’ (६ मार्च १९४०, शिकागो) : आठ बारची सुरुवात, मायनर ब्लूजची सात आवर्तने, शेवटी बारा बार. पहिल्या आवर्तनात वान टिझोलचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन, मग दोन आवर्तने जो नॅन्टनची, आत म्यूट आणि बाहेर सिंकचा रबरी प्लंजर. तो ‘या-या’ बोलणारा आवाज साध्या ट्रॉम्बोनवर फक्त प्लंजर धरून येत नाही, आतला छोटा म्यूट लागतोच. जिमी ब्लँटनच्या बासच्या मोकळ्या जागा ऐकायला ६० हर्ट्झखाली काहीही कापू नये.

जोडी नसल्यामुळे त्याची तुलना त्याच्याशीच : स्टुडिओतले ‘को-को’ आणि ७ नोव्हेंबर १९४० ला नॉर्थ डकोटातल्या फार्गो इथे नाचाच्या कार्यक्रमात दोन तरुणांनी सुवाह्य यंत्रावर कापलेले ‘को-को’. कूटी विल्यम्स तेव्हा नुकताच गुडमनकडे गेला होता, त्याच्या खुर्चीवर रे नॅन्स नवाच होता. बँड डगमगत नाही. फार्गोच्या प्रती निरनिराळ्या गतीच्या मिळतात, तेव्हा पियानोवरून गती लावल्याशिवाय लयीचा आकडा तक्त्यात भरायचा नाही. स्टुडिओ प्रतीचे सातही आवर्तनांचे सेकंद भरून झाले. फार्गोचा रकाना गती लागल्यावर.